आत्याला पोचवायला आलेले दोघे

माझी आत्या धर्मभगिनी. वसईच्या आमच्या पट्ट्यात प्रत्येक आळीत एखादी सिस्टर, एखादे फादर निघतातच, त्यामुळे त्यात कुणाला फारसं नवल नव्हतं. पण आत्या इतरांसारखी शाळेत शिकवायला किंवा शहरातल्या हॉस्पिटलात गेली नाही. नर्सिंग शिकली आणि मध्य भारतातल्या डोंगरांत, जिथे जीपचा रस्ता संपल्यावर पुन्हा अर्धा दिवस चालावं लागतं, अशा एका आदिवासी वस्तीत जाऊन राहिली. त्या गावाचं आणि त्या लोकांचं नाव मी लिहिणार नाही. तसं तिनेच बजावलंय.

आम्ही लहान असताना ती काही वर्षांनी एकदा सुट्टीवर यायची. आली की घर भरून जायचं. मोठ्याने हसायची, सुक्या बोंबलाचं कालवण दोनदा वाढून घ्यायची, आणि तिकडच्या गोष्टी सांगायची. सुरुवातीला म्हणे लोक तिच्या दवाखान्याच्या ओट्यावर यायचे, नुसते बसायचे आणि निघून जायचे. एका बाळंतिणीला तिने वाचवलं तेव्हा कुठे तिच्या हातचं पाणी प्यायला लागले.

माझे वडील तिला चिडवायचे, "एवढी वर्षं झाली, किती जणांना बाप्तिस्मा दिलास?"

"मला काय विचारतोस? ते फादर आले की विचार," ती म्हणायची. "मी गोळ्या वाटते."

खरंच तिकडे बाप्तिस्मा घेतलेली घरं हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच होती. बाकीचे आपल्या डोंगराला, आपल्या दगडांना मानत. आत्या त्यांच्या पूजेला जात नसे आणि त्यांना आपल्या प्रार्थनेला बोलावत नसे. संध्याकाळी ती एकटी ओट्यावर रोझरी म्हणायची, आणि ज्याला बसायचं तो येऊन बसायचा.

आता ती सत्तरीच्या पुढे गेली होती. एका पावसाळ्यात तिला ताप आला, तो डोक्यात चढला, शुद्ध हरपली. गावकऱ्यांनी तिला खाटेवर घालून डोंगर उतरवला, जीपमध्ये घातलं. तिथून शहरातलं हॉस्पिटल, मग मुंबई. शुद्धीवर आली तेव्हा खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती. तिच्या संस्थेने सांगितलं, काही महिने घरी जा, घरचं खा, बऱ्या व्हा. म्हणून ती भुईगावला आमच्याकडे आली.

घरात मी आणि माझी आई, दोघीच. मी लग्न केलं नाही. वडील गेल्यापासून वाडी मी बघते. सोनचाफा आणि मोगरा. पहाटे तोडलेली फुलं टेम्पोने दादरला गेली की दिवसभर मी घरीच असते. त्यामुळे आत्याचं सगळं आपसूक माझ्याकडे आलं.

पहिल्या आठवड्यात वाटलं, अशक्तपणा आहे. ती ओटीवरच्या झोपाळ्याच्या एका टोकाला बसायची आणि वाडीकडे बघत राहायची. दिलं तेवढं खायची. मीठ कमी आहे, तिखट जास्त आहे, काही म्हणायची नाही. आईचं माहेर कोळीवाड्यातलं, तिने मुद्दाम ओळखीच्या बाईकडून ताजे बोंबील आणवले. आत्याने ते खाल्ले आणि ताट बाजूला केलं.

"बाय, कसे होते?" आईने विचारलं. आई तिला बायच म्हणते.

"काय कसे होते?"

"बोंबील. आता खाल्लेस ना."

आत्या ताटाकडे बघत राहिली. तिला खरंच आठवत नव्हतं.

मग एकेक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. आमच्या वाडीत बावखल आहे, म्हणजे बागेतलं तळं, आणि त्यामुळे संध्याकाळ झाली की डास माणसाला उचलून नेतील असे येतात. आई आणि मी पायांना तेल चोळून बसायचो तरी फोडून काढायचे. आत्या उघड्या पायांनी झोपाळ्यावर बसलेली असायची आणि तिच्यावर एक डास बसायचा नाही. आमचा कुत्रा अंगणात पसरलेला असायचा. मी गेले की उठायचा, आई गेली की शेपूट हलवायचा. आत्या त्याच्या अगदी नाकासमोरून जायची, आणि त्याचा कानसुद्धा हलायचा नाही.

एकदा वटारहून आमच्या नात्यातली एक बाई तिला भेटायला आली. ओटीवर बसली, चहा घेतला, माझ्याशी आणि आईशी अर्धा तास गप्पा मारल्या. निघताना म्हणाली, "सिस्टर आत झोपल्यात का? उठल्या की सांग, मी येऊन गेले."

आत्या तिच्या समोर, झोपाळ्यावर बसलेली होती. त्या बाईने तिच्याकडे पाहिलं, अगदी पाहिलं, आणि चपला घालून गेली. आई माझ्याकडे बघायला लागली, मी आईकडे. आत्या वाडीकडे बघत होती.

आणि मग तो रविवार. मिस्सामध्ये आम्ही ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभे होतो. मी पुढे, माझ्यामागे आत्या, तिच्यामागे शेजारीण. फादरनी मला प्रसाद दिला, मी बाजूला झाले. आत्या हात पुढे करून उभी राहिली. फादरनी तिच्या खांद्यावरून शेजारणीला प्रसाद दिला. मग तिच्या मागच्या माणसाला. आत्या तशीच, हात पुढे केलेले. मी परत जाऊन फादरांच्या बाहीला हात लावला तेव्हा ते दचकले. "अरे, सिस्टर! माफ करा," म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

 घरी येताना ती फाटकापाशी थांबली.

"पोरी, त्यांना मी दिसले नाही."

"गर्दी होती गं, आत्या."

"गर्दी नव्हती." तिने फाटक धरलं. "मी प्रार्थनेला बसते ना, शब्द सगळे येतात. सवयीने येतात. पण ते म्हणणारं कुणी नसतं. अख्खं आयुष्य मी देवाला सांगत आले, मी इथे आहे. आता तो हाक मारेल आणि ओ द्यायला मी नसेन, असं वाटतं."

तिला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांना दाखवलं. रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला. सगळं वयाच्या मानाने ठीक. मोठ्या आजारानंतर मन खचतं, असं म्हणून त्यांनी गोळ्या दिल्या. त्या मी वेळच्या वेळी दिल्या. काही फरक पडला नाही.

पुढच्या आठवड्यात मला फोन आला. आत्याच्या हाताखाली लहानपणापासून काम करत वाढलेली त्या वस्तीतली एक बाई आता दवाखाना सांभाळत होती. आत्याने कधीतरी तिला माझा नंबर देऊन ठेवला होता. वस्तीत फोन लागत नाही. ती तेवढ्यासाठी डोंगर चढून रेंजच्या जागी आली होती. ती मोडकं हिंदी बोलत होती, मी इथे मराठीतच लिहिते.

"दीदी, सिस्टर तिकडे पोचली का?"

"केव्हाच. इथेच बसलीय समोर. देऊ का?"

पलीकडे नुसता वारा ऐकू येत होता.

"मग दीदी," ती म्हणाली, "इथे कोण बसलंय?"

मला आधी समजलंच नाही. तिने सांगितलं. सिस्टरला जीपमध्ये घालून नेल्याला चार दिवस झाल्यावर, भर दुपारी, ती दवाखान्याच्या ओट्यावर दिसली. मग ओढ्याकडच्या वाटेवर, छत्री घेऊन. मग रोजच. औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुवायची, तशी वाकून बसलेली असते. हाक मारली तर बघत नाही. पहिल्यांदा लोकांना बरं वाटलं, आता पोरं भितात. "मी तिच्यासाठी भात ठेवते. तो तसाच राहतो. आणि दीदी, ती दिवसेंदिवस विरळ होत चाललीय. पहिल्यांदा साडीचा निळा काठ दिसायचा. आता काठ दिसत नाही."

मी फोन घेऊन वाडीत बावखलाच्या कडेला गेले. तिथून ओटी दिसत होती. आत्या झोपाळ्याच्या टोकाला बसली होती. 

हे आत्याला सांगावं की नाही, यावर मी दोन दिवस काढले. शेवटी सांगितलं. आणि आमच्याकडे आल्यापासून ती पहिल्यांदाच हसली. हसणं कोरडंच होतं, पण हसली.

"म्हणजे मी तिथे राहिलेय," ती म्हणाली.

मग तिने मला सांगितलं. त्या लोकांची समजूत अशी की माणूस एखाद्या जागी खूप वर्षं राहिला आणि तिथल्या घराला, पाण्याला, वाटेला न सांगता एकदम उचलून नेला गेला, तर अंग जातं आणि तो तिथेच राहतो. मग दोन माणसांनी जाऊन त्याला मध्ये घेऊन आणायचं. वाटेत बोलायचं नाही, मागे बघायचं नाही.

"तू पाहिलंयस असं करताना?"

"एकदा. तिथला एक जण लांबच्या वीटभट्टीवर बरीच वर्षं कामाला होता. भिंत अंगावर पडली, बेशुद्ध अवस्थेत गावी आणला. जखमा भरल्या, पण नुसता बसून असायचा. मी त्याला लोहाच्या गोळ्या देत होते. एक दिवस त्याचे भाऊ भट्टीवर जाऊन आले. दोघं एकामागून एक चालत होते आणि मध्ये एका माणसाची जागा मोकळी. मी दवाखान्याच्या खिडकीतून पाहिलं आणि रोझरी घेऊन खाली मान घातली. संध्याकाळी तो माणूस पेजेत मीठ मागायला लागला."

"मग?"

"मग काय? गोळ्या लागू पडल्या, असं मी धरून चालले." ती परत वाडीकडे बघायला लागली. "गोळ्यांनीही असेल, पोरी. मी आजही खोटं म्हणत नाही."

पुन्हा फोन आला तेव्हा ती बाई म्हणाली, "माझा नवरा आणि गावचा म्हातारा पुजारी आज निघालेत. सिस्टरला घेऊन."

घर कसं ठेवायचं ते तिने मला सांगितलं. पुढचं दार उघडं ठेवा. उंबरठ्यावर कुणी उभं राहू नका. त्यांच्याशी बोलू नका, या-बसा म्हणू नका. सिस्टरला दाराकडे पाठ करून बसवा.

आईला हे कळल्यावर ती संतापली. "आपल्या घरात? समोर आल्तार आहे, येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आहे, आणि तिथं हे?"

आत्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वहिनी, दोन माणसं एवढ्या लांबून माझ्यासाठी येताहेत. मी त्यांच्या दारात गेले तेव्हा त्यांनी मला हाकललं नव्हतं. ते त्यांचं करतील, मी माझी रोझरी म्हणेन. कुणाचं कुणी मोडायचं नाही."

 ते यायच्या दिवशी आईने आल्तारापुढची, म्हणजे घरातल्या वेदीपुढची, मेणबत्ती सकाळीच लावून ठेवली.

ते दुपारी आले. ऊन रखरखत होतं, वाडीत पान हलत नव्हतं. स्टेशनहून भुईगावला येणाऱ्या बसने ते आले. त्या बसचा कंडक्टर आमच्याच गल्लीतला, त्याने मला नंतर सांगितलं की दोघांनी न बोलता, तीन बोटं दाखवून, तिकिटं तीन घेतली. तिघांच्या बाकावर कडेला बसले, मध्ये जागा सोडून. बस खच्चून भरलेली, बाया पोरं घेऊन उभ्या. पण त्या जागेवर कुणी बसलं नाही, कुणी सरका म्हणालंही नाही. "मीसुद्धा नाही म्हणालो," तो म्हणाला. "का ते विचारू नका."

मी चाफ्याच्या झाडांमागे उभी होते. फाटकातून पहिला म्हातारा आला. बारीक, काळा, डोक्याला पंचा. त्याच्या मागे, माणसाभर अंतर सोडून, दुसरा, चाळिशीचा. दोघांची नजर जमिनीवर. आमचा कुत्रा उठला. म्हातारा त्याच्या पुढून गेला, कुत्र्याने बघितलंही नाही. मग तो मधल्या मोकळ्या जागेकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याची शेपूट हळूहळू हलायला लागली. जागा पुढे सरकली तशी त्याची मान वळत गेली. मी ते डोळ्यांनी पाहिलं. त्याचा अर्थ लावायचा तर मला आजही भीती वाटते.

आत्या झोपाळ्यावर दाराकडे पाठ करून बसली होती, हातात रोझरी. आई आल्तारापाशी. दोघं ओटीच्या दारातून आत आले आणि मी बाहेरून खिडकीशी जाऊन उभी राहिले. म्हातारा आत्याच्या डाव्या बाजूला उभा राहिला, दुसरा उजव्या. त्या दुसऱ्याने पिशवीतून बूच लावलेला वाळका भोपळा काढला. त्यात पाणी होतं, त्यांच्या ओढ्याचं. म्हातारा जमिनीवर बसला. आत्याचे पाय त्याने आपल्या मांडीवर घेतले आणि ते पाणी थोडं थोडं ओतत धुवायला लागला. तोंडाने काही पुटपुटत होता. आत्याचं "नमो मारिया" चालू होतं. दोन्ही आवाज एकदमच, एकात एक मिसळल्यासारखे येत होते.

पवित्र गुरुवारी चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात, ते आम्ही दरवर्षी बघतो. आईला तेच आठवलं असणार. ती आल्तारापुढून उठली, आत जाऊन कोरडा टॉवेल घेऊन आली आणि न बोलता म्हाताऱ्याच्या शेजारी गुडघे टेकून बसली.

आणि तेव्हा झोपाळा करकरला. कुणी जड माणूस एकदम बसावं तशा चारही कड्या ताणल्या गेल्या, फळी खाली दबली, आणि आत्याच्या हातातली रोझरी गळून पडली. तिने खोल श्वास घेतला. पाण्याखालून वर आलेल्या माणसाने घ्यावा तसा. म्हाताऱ्याचं पुटपुटणं थांबलं. त्याने तिचे पाय आईच्या हातातल्या टॉवेलवर ठेवले.

आत्याने खाली वाकून त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे.

"वहिनी," ती म्हणाली, "भूक लागलीय गं. काय आहे?"

आई तिथेच बसून रडायला लागली.

त्या दिवशी ती जेवली. मीठ जास्त झालंय म्हणाली. दोघा पाहुण्यांशी त्यांच्या भाषेत बडबडत होती, म्हाताऱ्याच्या पाठीवर थाप मारत होती. संध्याकाळी ओटीवर बसलो तेव्हा तिने पोटरीवर चटकन हात मारला आणि म्हणाली, "काय डास आहेत हे तुमच्याकडे!" मी आत जाऊन तेलाची बाटली आणली आणि तिच्या पायांना तेल चोळलं.

मी त्या धाकट्याला हिंदीत विचारलं, "तिला इकडे आणून सोडावं, असं कसं वाटलं? तुमच्याकडे राहिलेली बरी नव्हती का?"

"बायको रडली," तो म्हणाला. "पण सिस्टरनेच आम्हाला शिकवलं, रोगी माणूस आपल्याला कितीही हवा असला तरी जिथे बरा होईल तिथे पाठवायचा."

दुसऱ्या दिवशी आत्याने हट्ट धरला की पाहुण्यांना समुद्र दाखवायचा. त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. आम्ही जेवून किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. भुईगावचा समुद्र ओहोटीला खूप आत जातो, काळसर ओली वाळू लांबवर चमकत राहते. आठवड्याचा मधला वार, किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. सुरूच्या झाडांतून वारा सूं सूं वाजत होता.

धाकटा पाण्याकडे धावत गेला, पाणी चाखून थुंकला आणि हसायला लागला. म्हातारा सुरूंच्या सावलीतून बाहेरच आला नाही. तो डोळ्यांवर हात धरून समुद्राकडे बघत होता. मग त्याने आत्याला काहीतरी विचारलं. तिचा चेहरा बदलला. तिने परत त्याला काही विचारलं, त्याने मान हलवली.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"विचारतोय, ती माणसं पाण्यात का उभी आहेत."

मी पाहिलं. पाणी, त्यामागे पाणी, एक लांबवर होडी. "कुठली माणसं?"

"कमरेएवढ्या पाण्यात उभी आहेत म्हणतो. किनाऱ्याकडे तोंड करून. बाया आहेत, पोरं आहेत, शर्टपँट घातलेले तरुण आहेत. कुणीतरी न्यायला येईल म्हणून उभी आहेत." तिचा आवाज खाली आला होता. "तो म्हणतो, तुमच्याकडे यांना घ्यायला कुणी जात नाही का?"

आमच्या किनाऱ्यावर, पुढे कळंबपर्यंत, दरवर्षी कुणी ना कुणी बुडतं. सहलीला आलेली मुलं, भरतीचा अंदाज न येणारे. होडीवरून गेलेले कोळी. काही सापडतात, काही नाही. हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं आणि संध्याकाळी त्याच वाळूवर आम्ही फिरायला जातो.

मला तिथून पळून जावंसं वाटलं. आत्या मात्र वाळूत उतरली. ओल्या वाळूपर्यंत गेली, पायातल्या चपला काढल्या, क्रुसाची खूण केली आणि मोठ्याने, अगदी खणखणीत आवाजात मृतांसाठीची प्रार्थना म्हणायला लागली. प्रभू, त्यांना सार्वकालिक विश्रांती दे. तो आवाज मी कित्येक वर्षांनी ऐकत होते. त्या आवाजात म्हणणारं कुणीतरी होतं.

प्रार्थना संपल्यावर ती तशीच उभी राहिली. मागे सुरूंखालून म्हाताऱ्याने एक शब्द उच्चारला.

"काय म्हणाले?" मी परत विचारलं.

"एक गेला," आत्या म्हणाली.

दोघं पाहुणे त्याच रात्रीच्या गाडीने परत जाणार होते. निघताना म्हाताऱ्याने आईला हात जोडले. आईने त्यांच्याबरोबर केळी, नारळ आणि घरच्या चाफ्याची रोपं दिली. आत्या फाटकापर्यंत गेली, आणि ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत उभी होती. ते या वेळी मागे बघत बघत गेले.

आत्याने घडलेलं सगळं आमच्या फादरना सांगितलं. मी सोबत होते. मला वाटलं, ते रागावतील किंवा हसतील. त्या रविवारची आठवण त्यांनाही असावी. बराच वेळ ते टेबलावरच्या पेनाशी चाळा करत राहिले.

"त्या माणसाला काय दिसलं, ते मला सांगता येणार नाही, सिस्टर," ते म्हणाले. "पण मेलेल्यांसाठी प्रार्थना करायला कुणाची परवानगी लागत नाही."

तेव्हापासून आत्या रोज दुपारी, ओहोटी असो वा भरती, छत्री घेऊन समुद्रावर जायला लागली. तिच्या संस्थेने विचारलं, बऱ्या झालात, आता पुढे काय. तिने कळवलं, इथे काम निघालंय. काय काम ते तिने कळवलं नाही, आणि त्यांनी तिच्या वयाकडे बघून विचारलं नाही.

गावात बोलणं व्हायला वेळ लागत नाही. एक दिवस मी आत्याबरोबर समुद्रावर होते, तेव्हा कळंबकडची एक कोळीण, हिंदू, साठीची, मासळीची पाटी बाजूला ठेवून आमच्यापाशी येऊन उभी राहिली. तिचा नवरा होडीवर गेला तो परत आला नव्हता. किती वर्षं झाली ते तिने सांगितलं नाही.

"सिस्टर, माजा मानूस हाय का त्यात?"

"मला कुणी दिसत नाही गं," आत्या म्हणाली. "मी नुसती प्रार्थना म्हणते."

"मंग त्याच्या नावानं पन म्हना." तिने नाव सांगितलं. आत्याने ते नाव घेऊन प्रार्थना म्हटली. कोळीण पदर डोक्यावर घेऊन उभी होती. संपल्यावर ती पाण्यापाशी गेली आणि पाण्याकडे बघून रागाने, अगदी भांडावं तसं, काहीतरी बोलली. मग पाटी उचलून गेली. आता ती मधूनमधून येते. तिच्याबरोबर आणखी दोघी यायला लागल्यात.

गेल्या पावसाळ्यापासून आत्याचे गुडघे साफ गेले. वाळूत तिला चालवत नाही. तिने मला विचारलं नाही, सांगितलं नाही. दुपारी छत्री माझ्या हातात दिली, एवढंच. त्या दिवसापासून मी जाते. माझी श्रद्धा तिच्यासारखी नाही. मी रविवारी मिस्साला जाते, सणाला मेणबत्त्या लावते, तेवढीच. ओल्या वाळूत उभं राहून रिकाम्या समुद्राला मोठ्याने प्रार्थना ऐकवताना पहिले काही दिवस मला लाज वाटायची. मग लाज गेली आणि भीती आली. कारण प्रार्थना सुरू केली की वारा असला तरी लाटांचा आवाज थोडा खाली जातो. खूप माणसं एकाच वेळी गप्प झाल्यावर होतं तसं. मला तसं वाटतं, एवढंच मी म्हणेन. मला आजवर कुणी दिसलेलं नाही.

घरी आले की आत्या झोपाळ्यावरून विचारते, "म्हटलीस नीट? घाई नाही ना केलीस?"

"नाही केली."

"बरं. पाय धुऊन घे," ती म्हणते, आणि आईला चहा टाकायला सांगते.